विषय: जूनच्या सिनेमाला ‘कूल रनिंग्ज’ लावूया

प्रेषक: दादा (सध्या मुक्काम मंगळवार पेठ, कोल्हापूर)
प्रति: कॅनडातल्या कॅल्गरीची समस्त मराठी मंडळी

नमस्कार मंडळी,

सचिवताईंनी जूनच्या सिनेमासाठी नावं मागितली होती. मी ‘कूल रनिंग्ज’ सुचवतो. १९९३ चा इंग्रजी सिनेमा, जेमतेम दीड तासाच्या वर. नुसतं नाव वाचून निम्मी मंडळी ‘मराठी मंडळात हा कशाला’ म्हणतील, म्हणून गेल्या आठवड्यात इथं काय झालं ते सांगतो.

मे महिना, पोरांना सुट्टी. पुतण्या आणि त्याचे दोस्त दिवसभर फुटबॉल खेळून संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतात. आमच्या बोळाच्या तोंडाशी गेल्या वर्ल्ड कपला रंगवलेली अर्जेंटिना अजून भिंतीवर आहे, थोडी पोपडे धरलेली. पोरं म्हणाली, दादा, तुमच्या तिकडचा एखादा खेळाचा पिक्चर दाखवा की. गणपतीच्या वर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर मंडळाकडं होता, तालमीची आतली भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली. झालं, पंचवीसेक पोरं, मागं बाकावर आमचे वस्ताद, आणि दारात खुर्ची टाकून आई. तिला म्हटलं, तुला इंग्रजी कळायचं नाही. तर म्हणाली, “मी बसतो की इथंच, तू सांग मधनं मधनं.”

तेव्हा मी आपला हातात बॅटरी घेऊन उभा, आणि चालू पिक्चरचं कोल्हापुरीत भाषांतर करतोय. जमैका म्हणजे क्रिकेटवाल्या वेस्ट इंडिजमधला देश, तिथं बर्फ पडत नाही. तिथले तीन धावपटू ऑलिम्पिकच्या निवड शर्यतीत एकमेकांत अडकून पडतात. चौथा उतारावरून ढकलगाडी पळवण्यात पटाईत. हे चौघं बर्फावरच्या गाडीत, म्हणजे बॉबस्लेत, बसून ऑलिम्पिकला निघतात, तेही कुठं, तर आपल्या कॅल्गरीला! हे ऐकून एक पोरगं उठूनच उभं राहिलं, “म्हंजे तुमच्याच गावात व्हय दादा?” त्यानंतर माझा भाव एकदम वाढला.

थंडीची सवय व्हावी म्हणून एक जण आईस्क्रीमच्या गाडीत जाऊन बसतो, तिथं पोरं लोळली. चौघं हॉटेलच्या बाथटबमध्ये मागंपुढं बसून वळणं घेण्याचा सराव करतात, तिथं वस्तादसुद्धा खदखदून हसले. पण मला सांगायचंय ते पुढचं. ह्या चौघांना स्वित्झर्लंडचा संघ फार भारी वाटतो. त्यांचा कप्तान स्विस लोकांसारखा चालायला बघतो, त्यांच्यासारखे आकडे मोजून गाडी ढकलायला लावतो, आणि सगळं बिघडतं. मग दुसरा गडी त्याला ठणकावतो की आपण जमैकाचे आहोत, तर गाडी जमैकासारखीच पळवू. पोरांत क्षणभर कोणी हसलं नाही. मग कोपऱ्यातनं एक बारीक आवाज आला, “आरं, ह्यो आमच्यासारखाच की. मेस्सीगत केस कापून खेळणारा.”

शेवटची शर्यत सुरू झाली आणि वळीव आला. धूळ, गारा, आणि फट्‌दिशी लाईट गेली. तासभर वाट बघितली, आलीच नाही. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी रंकाळ्याकडं निघालो होतो, तर आमच्या दारात पोरांची रांग, आणि पुढं वस्ताद. “राहिलेलं दाखव.” पंधरा मिनिटांच्या पिक्चरसाठी पंचवीस माणसं परत आली. म्हणून म्हणतो, लावूया.

दादा

---

प्रेषक: सचिव

दादा,

मेल ऑफिसात वाचली आणि दारातल्या खुर्चीपाशी डोळ्यांत पाणी आलं. काकूंना नमस्कार सांगा.

दोन गोष्टी. हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा तर परवाना काढावा लागेल. त्याची चौकशी मी करते, खर्च मंडळाचा. दुसरी गोष्ट मनातली. आपण स्वतः ह्या देशात बाहेरून आलेले. आपला उच्चार, आपला डबा, आपली पहिल्या हिवाळ्यातली जाडजूड जॅकेटं, ह्यांना लोक हसलेले आहेत. मग बर्फ न पाहिलेल्या माणसांना हसायला आपणच जमायचं, हे मला टोचतं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती कोणाच्या बाजूने हसेल? ते खरं ऑलिम्पिक झालं तेव्हा आबा इथे होते. त्यांनी सांगावं.

---

प्रेषक: आबा

सचिवताई, प्रश्न रास्त आहे.

१९८८ च्या फेब्रुवारीत मी ह्या शहरात नवीन होतो आणि ट्रॅकच्या कडेला उभा राहून जमैकाच्या खऱ्या संघाची गाडी पाहिलेली आहे. त्यामुळे ह्या सिनेमावर माझा राग आहे आणि लोभही आहे. राग आधी.

सिनेमात कॅल्गरीतले दुसऱ्या देशांचे खेळाडू त्यांचा अपमान करतात, दारूच्या गुत्त्यात मारामारी होते. प्रत्यक्षात उलट होतं. इतर संघांनी त्यांना मदत केली, आणि गावाने तर त्यांना डोक्यावर घेतलं होतं. चौघांना शिकवणारा, बदनाम झालेला तो लठ्ठ प्रशिक्षकही कल्पित. ती भूमिका करणारा जॉन कँडी मात्र आपल्या कॅनडाचा, सिनेमा आल्यावर काही महिन्यांतच, १९९४ च्या मार्चमध्ये, गेला. चौघे हुकलेले धावपटू होते हेही खरं नाही. जॉर्ज फिच आणि विल्यम मॅलनी ह्या दोन अमेरिकनांनी तिथल्या ढकलगाड्यांच्या शर्यती पाहिल्या आणि त्यांना ही कल्पना सुचली. धावपटूंनी रस दाखवला नाही, म्हणून ते सैन्याकडे गेले. गाडी हाकणारा डडली स्टोक्स सैन्यात हेलिकॉप्टर चालवायचा. डेव्हन हॅरिस सैन्यात लेफ्टनंट. मायकेल व्हाइट तिसरा. आणि चौथा ख्रिस स्टोक्स हा डडलीचा भाऊ. तो भावाची शर्यत बघायला आला होता. एक गडी जायबंदी झाला आणि ह्याला काही दिवसांत शिकवून गाडीत बसवलं! हे सिनेमावाल्यांनी का सोडलं असेल, मला आजही समजत नाही. इतकी चांगली गोष्ट कल्पनेने सुचायची नाही.

गाडी उलटली ती तिसऱ्या फेरीत. सिनेमात गाडीचा खिळा ढिला होतो. प्रत्यक्षात वेग जास्त होता आणि अनुभव कमी. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेग, गाडी आडवी, चौघांची डोकी बर्फाच्या भिंतीला घासत चाललेली. आमच्या कडेला कोणी श्वास घेत नव्हतं. मग एकेक जण बाहेर आला. सिनेमात दाखवलंय तशी गाडी खांद्यावर वगैरे कोणी घेतली नाही. ती दोनशे किलोच्या घरातली असते. ते गाडीबरोबर चालत शेवटपर्यंत गेले आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. मीही वाजवल्या. हातमोजे होते म्हणून आवाज येईना, तर मी ते काढले. थंडी होती, तरी काढले.

आता लोभ. ताई, सिनेमा त्या चौघांना हसत नाही. हसतो तो त्यांच्या खटपटीला, आणि खटपट करणारा माणूस त्यात कुठे लहान होत नाही. ज्याच्या वडिलांना त्याने मायामीत कचेरीत बसावं असं वाटतं, तो पोरगा शेवटी वडिलांसमोर उभा राहतो, तिथे माझा मुलगा माझ्याकडे बघायचा. तुमची मुलगी बरोबर बाजूने हसेल. लावा. पण नंतर मला बोलायला वेळ द्या. एक गोष्ट तर सांगायलाच हवी. सिनेमा आल्यानंतर पुढच्याच हिवाळ्यात, १९९४ ला लिलेहामरमध्ये, जमैकाचा चौघांचा संघ चौदावा आला, अमेरिकेच्या पुढे. सिनेमा उलटलेल्या गाडीपाशी थांबतो, ती माणसं थांबली नाहीत.

आबा

---

प्रेषक: माई (मूळच्या राजारामपुरीच्या)

आबांचं वाचून मला राहवेना. मला त्या सिनेमातला पैशांचा भाग सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्यावर कोणी काही बोललं नाही.

चौघांना कोणी पैसे देत नाही. मोठमोठ्या कंपन्यांत जातात, लोक त्यांच्या तोंडावर हसतात. मग रस्त्यावर गाणं म्हणतात, पंजा लढवतात, आणि तरी पुरेसे जमत नाहीत. शेवटी श्रीमंताघरचा पोरगा आपली मोटार विकतो. आम्ही कोल्हापूरकरांनी हे हसत बघायचं, पण हे आम्हाला घरचंच आहे.

माझे वडील राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. खाशाबा जाधव त्याच कॉलेजचे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबांना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. लाल मातीत वाढलेला गडी, तिथे पहिल्यांदा मॅटवर उतरला आणि सहावा आला. बर्फ न पाहिलेला माणूस बर्फावर, तसाच हा. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांकडे हात पसरावे लागले, आणि प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना पाठ असतं. वडील मला त्यापुढचं सांगायचे. खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. पदक मिळवणाऱ्याने आधी गहाणखत फेडलं.

जमैकाची गोष्टही तशीच चालू राहिली. २०१४ ला सोचीला जायला त्यांच्या दोघांच्या संघाकडे पुरेसे पैसे नव्हते, तेव्हा जगभरच्या लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढली. अनोळखी लोकांनी. आपण ज्याला वर्गणी म्हणतो तेच ते, फक्त पावतीपुस्तक घेऊन दारात कोणी आलं नाही.

ताई, प्रवेश मोफत ठेवू नका. पाच डॉलर घ्या, आणि परवान्याचा खर्च वजा जाता राहील ते दादांच्या तालमीतल्या पोरांना पाठवा. त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारा.

मिसळ मी करते. कट माझ्या पद्धतीचा असेल, मुलांसाठी वेगळं भांडं ठेवीन.

---

प्रेषक: दादा

मंडळी, माई, आबा,

आबांची मेल काल तालमीत वाचून दाखवली, सबंध. हातमोज्यांपाशी आलो तेव्हा मलाच थांबावं लागलं.

गाडी खांद्यावर घेतली नव्हती, हे ऐकून पोरं नाराज होतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. चाललेली त्यांना जास्त पटली. वस्ताद म्हणाले, “चितपट झालेला गडी माती झाडतो, हात मिळवतो आणि आपल्या पायांनी आखाड्याबाहेर जातो. त्याला कुणी उचलून नेत नाही, आणि त्यानंही काही उचलायचं नसतं.” मग त्यांनी भावाला बघायला आलेल्या त्या चौथ्याची चौकशी केली. तो पुढं खेळला का, असं विचारत होते. आबा, तुम्हाला माहीत असेल तर सविस्तर लिहा, मी वाचून दाखवीन.

माईंच्या वर्गणीचं विचारलं. मला वाटलं, बूट मागतील. पोरांनी आपसांत बराच वेळ खुसफुस केली आणि सांगितलं की बोळातल्या पोरींची पण टीम झालीय, सात जणी आहेत, त्यांना जर्सी नाही. आधी त्यांना. ह्या पोरी सकाळी सहाला खेळतात, कारण नंतर मैदान पोरांना लागतं. हे मला आत्तापर्यंत कोणी बोललं नव्हतं. उद्या पहाटे जाऊन मापं घेतो.

आणि एक मागणं. बॉबस्लेचा तो ट्रॅक २०१९ पासून बंद आहे, हे मी पोरांना सांगितलं. तरी त्यांना त्याचा फोटो पाहिजे. कोणाला त्या बाजूला जाणं झालं तर गाडी उलटली त्या वळणाचा एक काढून पाठवा, आबा कुठलं ते दाखवतील. मी महाद्वार रोडला फ्रेम करून घेतो. तालमीत खाशाबांच्या फोटोच्या डाव्या हाताला एक खिळा रिकामा आहे, वस्तादांनी कालच तो पुसून ठेवला.

दादा