नागरिकशास्त्र शाळेत खरंच शिकवून घ्याचं कसं? मदत हवी आहे

राम राम मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं आहे आमचं, मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे अन पोरगी सहावीत. परवा तिले सहज इचारलं का ग्रामसभा काय असते, तर म्हणते बाबा तो धडा घरी वाचून घ्या म्हणले सर. पुस्तक इतिहास अन नागरिकशास्त्राचं एकच, हडप्पा मस्त रंगवून शिकवतात, मागचे नागरिकशास्त्राचे धडे मात्र परीक्षेच्या आठ दिवस आधी कसेबसे. म्हणजे विषय सक्तीचा हाये, पण फक्त कागदावर.

आता सरांचंही खोटं नाही, दोन मास्तर अन वर्ग सात, त्यात माहिती भरा, फोटो अपलोड करा. पण राजेहो, हेच पोट्टे अठराव्या वर्षी मतदान करतीन ना! तिकडे गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणते, अन आमच्या इथं कोरम नाही, म्हणजे लागतात तेवढे लोकं येत नाही, म्हणून ग्रामसभा तहकूब.

तर कोणाच्या शाळेत पोरांची नकली ग्रामसभा घेतली का? ठराव कसा लिहाले लावला? अन १५ ऑगस्टच्या खऱ्या ग्रामसभेत पोरांना नुसतं बसाले नेलं तर ग्रामसेवक हरकत घेते का? समितीत विषय मांडतो तर कसा मांडू, सरांना राग न येता? अनुभव असन तर सांगा.