पंख्यासाठी कागदी पत्तेच घ्या

पंखा करायला, म्हणजे हातात पत्ते सारख्या अंतराने गोलाकार पसरायला, कोणते पत्ते घ्यावेत या प्रश्नावर टिकतात म्हणून पूर्ण प्लास्टिकचे पत्ते सुचवले जातात. रमीला ते उत्तम, पुसताही येतात. पंख्याला मात्र नकोत. ते सारख्या अंतराने सरकत नाहीत, कुठे निसटतात तर कुठे जोडीने अडकतात.

हवा तो कागदी पत्ता: कागदाचे दोन थर, मध्ये गडद डिंक, आणि पृष्ठभागावर बारीक खळगे. या खळग्यांत हवा राहते, म्हणून पत्ता पत्त्यावरून अलगद सरकतो. बायसिकल ब्रँडचा रायडर बॅक हा कॅट (पत्त्यांचा जोड) सुरुवातीला पुरेसा आहे. माप पोकरचं घ्या, ६३ × ८८ मिमी. ब्रिजचा पत्ता साधारण ५७ मिमी रुंद, त्याचा पंखा अरुंद दिसतो. पाठीला पांढरी किनार असली की चुकलेलं अंतर लगेच कळतं, सरावाला हे फार उपयोगी.

कॅट खराब होतो तो मुख्यतः घामाने. ओल लागली की कडा फुगतात, दोन पत्ते चिकटतात आणि पंख्यात खिंडार पडतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करूनच कॅट उचला. पावसाळ्यात तो डबीत घट्ट बसवून, हवाबंद डब्यात ठेवा.

अडकायला लागला तर झिंक स्टिअरेटची, म्हणजे पत्ते गुळगुळीत करणारी बारीक पांढरी पावडर वापरा. पिशवीत कॅट सुटा करून टाका, चिमूटभर पावडर घालून हलवा, मग एकेक पत्ता सुती फडक्याने पुसा. नाकाला रुमाल बांधा. टाल्कम नको, त्याचे गोळे होतात. पावडर लावलेला कॅट पंख्यापुरताच ठेवा, पिसताना तो हातातून सटकतो.