इक्वेटेबल लावलं की फ्लटरची स्क्रीन अपडेट होत नाही, पॅकेज काढू का?

रात्रपाळी_डेव्ह: किराणा ऑर्डरचं ॲप करतोय, फ्लटर (डार्ट भाषेतलं ॲप फ्रेमवर्क) आणि क्युबिट (स्क्रीनची स्टेट, म्हणजे सध्याचा डेटा, सांभाळणारा क्लास). डार्टमध्ये दोन ऑब्जेक्टच्या व्हॅल्यू सेम असल्या तरी == फॉल्स देतं, म्हणून सगळ्या मॉडेलना इक्वेटेबल (व्हॅल्यूवरून तुलना करून देणारं पॅकेज) लावलं, प्रॉप्समध्ये, म्हणजे तुलनेला घ्यायच्या यादीत, सगळी फील्ड टाकली, टेस्ट पण पास झाल्या. आणि आता कार्टमध्ये आयटम ॲड केला तरी स्क्रीन ढिम्म हलत नाहीये. प्रिंट मारलं तर लिस्टमध्ये आयटम आलेला दिसतोय!! इक्वेटेबल काढलं की परत सगळं चालतं. स्वतःच == आणि हॅशकोड लिहू का?

सेमीकोलन_काका: स्वतः लिहिलंस तरी हेच होणार. तू बहुतेक स्टेटमधल्याच लिस्टवर ॲड मारून तीच लिस्ट नव्या स्टेटमध्ये घालतोयस. म्हणजे जुन्या बिलावरच खाडाखोड करायची आणि मग विचारायचं की जुन्या नव्यात फरक का नाही. क्युबिटला नवी स्टेट जुन्यासारखीच दिसली की तो एमिट, म्हणजे स्क्रीनला नवी स्टेट कळवणं, सोडून देतो. [...स्टेट.आयटम्स, नवा] अशी नवी लिस्ट कर.

विजेट_वेडी: फ्रीझ्ड पॅकेज वापर ना, त्यात लिस्ट बाय डिफॉल्ट अनमॉडिफायेबल असते, ॲड केलं की तिथल्या तिथे एरर. फक्त ते कोड जनरेट करणारं बिल्ड रनर चालवत बसावं लागतं, छोट्या ॲपला कंटाळा येतो खरा.

कोकणी_कंपायलर: डार्ट ३ पासून रेकॉर्ड (क्लास न लिहिता व्हॅल्यूंचा गट) आहेत, त्यांना == फुकटात मिळतं, पॅकेजच नको.

सेमीकोलन_काका: हो पण रेकॉर्डमध्ये लिस्ट असली की गेलं, आतली लिस्ट आयडेंटिटीनेच, म्हणजे तोच ऑब्जेक्ट आहे का एवढंच, बघतो तो. इक्वेटेबल निदान लिस्ट, मॅप उघडून आतपर्यंत तपासतं. कार्टला ते लागणारच.

रात्रपाळी_डेव्ह: ॲड व्हायला लागलं काका 🙏 पण आता नग वाढवायचं प्लसचं बटण दाबलं तर आकडा तसाच, लिस्ट तर नवी करतोय की

सेमीकोलन_काका: लिस्ट नवी, आतला आयटम तोच ना. तू त्याचा नग बदललास की जुन्या लिस्टमधला पण बदलला, कारण दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आहे. कॉपीविथने (बाकी फील्ड तशीच ठेवून कॉपी देणारी मेथड) नवा आयटम बनव आणि लिस्टवर मॅप() करून त्या जागी टाक. आणि नग फायनल कर, इक्वेटेबल क्लास इम्युटेबल (न बदलणारा) असतो त्यामुळे ॲनालायझर त्या क्लासवर पिवळी वॉर्निंग देतच असणार, बघ जरा.

रात्रपाळी_डेव्ह: अशा ४० वॉर्निंग आहेत 😅