पदकावरचं चिनी अक्षर: 'शौ', 'फू' आणि 'जू-जीन'

प्रश्न: सासूबाईंच्या साठीनिमित्त नणंदेने सिंगापूरहून सोन्याचं गोल पदक पाठवलंय. मधोमध जाळीसारखं चिन्ह आहे, डावी-उजवी बाजू अगदी सारखी. भोवती पाच फुलपाखरं. मागे दोन बारीक अक्षरं आणि ९९९. ती अक्षरं शब्दकोशात एकेक करून शोधली, तर पहिल्याचा अर्थ 'पाय' निघाला, दुसऱ्याचा 'सोनं'. आपल्याकडे पायात सोनं घालत नाहीत, त्यामुळे सासूबाई ते गळ्यात घालायला कचरताहेत. हा पायातला दागिना आहे का?

उत्तर: मुळीच नाही, खुशाल घालू द्या. त्या पहिल्या अक्षराचा 'पाय' हा एक अर्थ. 'पुरेपूर' हा दुसरा. 'जू-जीन' हा जोडशब्द आहे (पहिला ज 'जहाज'मधला, दुसरा 'जीव'मधला) आणि त्याचा अर्थ अस्सल कसाचं सोनं, हजारात किमान ९९० भाग शुद्ध. ९९९ म्हणजे त्याहून चोख. आपल्या २२ कॅरेटवर ९१६ असतं, तसाच हा सराफी शिक्का. चिनी दागिन्याच्या मागची अक्षरं बहुधा अशीच कसाची किंवा पेढीची असतात, आशीर्वाद असतो तो पुढे.

पुढचं चिन्ह वर्णनावरून 'शौ', म्हणजे दीर्घायुष्य. हे अक्षर शेकडो वळणांनी काढतात; दागिन्यांवर गोलात बसवलेलं वळण फार दिसतं. आणि ती फुलपाखरं नीट पाहा, ती वटवाघळं असणार! दचकू नका. वटवाघळाला चिनीत 'ब्येन-फू' म्हणतात, आणि त्यातल्या 'फू'चा उच्चार सुखसौभाग्य या अर्थाच्या 'फू'सारखाच, सूरसुद्धा तोच. म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य व स्वास्थ्य, सदाचरणाची आवड आणि आयुष्य पुरं करून आलेलं मरण. ही यादी तिथल्या प्राचीन ग्रंथातली आहे. तिथे साठीपासून पुढचे वाढदिवस 'शौ'नेच साजरे करतात, तेव्हा तुमच्या नणंदेने किती विचार करून निवडलंय हे सासूबाईंना जरूर सांगा.

दुसरा प्रतिसाद: दोन्ही बाजू सारख्या आहेत, मग ते लग्नातलं 'श्वांग-शी' कशावरून नाही?

उत्तर: शंका रास्त आहे, तेही अक्षर दोन्ही बाजूंनी सारखंच. पण त्यात 'शी' (आनंद) हे अक्षर शेजारी-शेजारी दोनदा येतं, आणि नीट पाहिलं तर चार छोटे चौकोन मोजता येतात. ते वधूच्या सोन्याच्या बांगड्यांवर, ड्रॅगन आणि फीनिक्सच्या जोडीने दिसतं. वटवाघळांच्या मधोमध मात्र बहुतेक वेळा 'शौ'च.

मूळ प्रश्नकर्ती: चौकोन नाहीत. पण कडेने स्वस्तिकं आहेत!

उत्तर: मग शंकाच नको. स्वस्तिक बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलं. सम्राज्ञी वूच्या काळात, इ.स. ६९३ मध्ये, त्याचा उच्चार 'वान' ठरला, आणि 'वान' म्हणजे दहा हजार. कडेचं 'वान' नि मधलं 'शौ' मिळून 'वान-शौ': दहा हजार वर्षांचं आयुष्य.