मदत हवी आहे: वर्गातली दादागिरी, बाकीच्या मुलांचा वाटा कसा ओळखावा?

प्रश्न: सहावीतल्या एका मुलाला सतत छळलं जातंय. छळणारा म्हणून पुढे दिसतो तो एकच; बाकीचे म्हणतात, "आम्ही काही केलं नाही." कोणाशी काय बोलायचं, हे कसं ठरवू?

प्रतिसाद १: फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली याच वयाच्या मुलांचा अभ्यास करून भूमिका मांडल्या. छळ सोसणाऱ्याशिवाय म्होरक्या, त्याला हात देणारे (धरून ठेवणारे, पहारा करणारे), चेव देणारे, अलिप्त राहणारे आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारे. कोण काय करतं, हे मुलांना एकमेकांबद्दल विचारा. स्वतःबद्दल विचारलंत तर जो तो बाजू घेणारा निघतो! सगळ्यांकडून एकाच वेळी, वेगवेगळ्या कागदांवर लिहून घ्या: कोण हसतं, कोण अडवून धरतं, कोण मोठ्यांना बोलावतं, कोण निघून जातं. कागद वर्गात ठेवू नका. चुगलखोर ठरायच्या भीतीने पुढच्या वेळी कोरे येतील.

प्रश्नकर्ता: चेव देणारा आणि नुसता बघणारा, फरक कसा कळेल?

प्रतिसाद १: दप्तर फेकलं जातं तेव्हा दप्तराकडे नको, आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघा. चेव देणारा हसतो, इतरांना बोलावतो, पुढे सरकतो. अलिप्त मुलगा वहीत डोकं घालतो किंवा तिथून सटकतो. पण त्याचं गप्प राहणंही म्होरक्याला संमतीच वाटते, त्यामुळे त्याला मोजणीतून वगळू नका.

प्रतिसाद २: कृपा करून दोघांना समोरासमोर बसवून "हात मिळवा" करू नका. इथे बळ सारखं नसतं. सोसणारा घाबरून हो म्हणतो आणि बाहेर गेल्यावर त्याचा वचपा काढला जातो. आधी त्याच्याशी एकट्याने बोला. मग त्रास देणाऱ्यांना एकेकटं, पण लागोपाठ बोलवा, म्हणजे मधे जुळवाजुळव करायला वेळ मिळत नाही. प्रत्येकाकडून तो उद्यापासून नेमकं काय करणार, हे ठरवून घ्या आणि साधारण दोन आठवड्यांनी तपासा.

वर्गात वजन असलेल्या दोन-चार मुलांना सोसणाऱ्याच्या सोबत राहायला सांगा. भांडणात पडायची गरज नाही. डब्याला शेजारी बसणं, गटात घेणं पुरतं. पण कोणी मधे पडलंच, तर तेही वाया जात नाही: कॅनडात शाळेच्या मैदानावरच्या चित्रणांत दिसलं की बरोबरच्या मुलांनी मधे पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा १० सेकंदांत प्रकार थांबला.

आणि "तू चेव देणारा" असा शिक्का कोणावर मारू नका. भूमिका बदलतात, काही मुलं एकीकडे सोसतात, दुसरीकडे छळतात.