धनंजयराव गाडगीळ: तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

गिरगावची_लेक
काल रात्री मुलगी राज्यसेवेसाठी गाडगीळ सूत्र पाठ करत होती, म्हणजे अर्थतज्ज्ञ धनंजयरावांनी केंद्राची मदत राज्यांत वाटायला घालून दिलेलं माप. साठ, दहा, दहा, दहा, दहा. ओटा पुसता पुसता ऐकलं आणि बाबा आठवले. बाबा बँकेत होते. १९६९ ला राष्ट्रीयीकरण झालं, पुढे त्यांची मुंबईहून बदली झाली ती थेट जिल्ह्याच्या गावी. आम्ही चाळीतच राहिलो. एका जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेने घ्यावी हा विचार गाडगीळांच्या अभ्यासगटाचा, त्याच वर्षीचा. त्यातून अग्रणी बँक योजना आली. आई म्हणायची, या गाडगीळांनी माझा संसार दोन ठिकाणी मांडला. बाबा मात्र सुट्टीवर आले की त्यांच्याबद्दल घरातल्या थोरल्या माणसासारखं बोलायचे. पूर्वी शाखा जिथे धंदा तिथे निघायची, आता अख्खा जिल्हा पुढ्यात घेऊन ठरवतो, याचा त्यांना फार अभिमान.
मुलीला टक्के येतात, माणूस माहीत नाही. तो माहीत व्हावा असं मनापासून वाटतं. तुमच्याकडे काही असेल तर लिहा.

प्रवराकाठची
आमच्याकडे गाडगीळ म्हणजे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना! विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेअर गोळा करत होते आणि पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव. १९५०-५१ चा पहिला हंगाम. आमच्या आजीने पाटल्या मोडून शेअर घेतलेला. साखर कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा असू शकतो यावर तेव्हा कोण विश्वास ठेवणार? पण पुण्याचा एवढा शिकलेला माणूस आपल्या ओट्यावर बसून हिशेब समजावतो म्हटल्यावर लोकांनी पैसे काढले, असं आजी सांगायची. कुकर झालाय, नंतर लिहिते.

मुलुंडचा_अप्पा
गाडीत उभ्याने लिहितोय, चुका सांभाळून घ्या. रिझर्व्ह बँकेची ग्रामीण पतपाहणी कुणी कशी काढली नाही? गोरवाला अध्यक्ष, गाडगीळ सदस्य. ७५ जिल्हे, ६०० गावं. अहवाल १९५४ चा. शेतकरी जेवढं कर्ज काढतो त्यातलं सहकारी संस्थांकडून जेमतेम ३.१ टक्के, बँकांकडून १ टक्कासुद्धा नाही. उरलेलं बहुतेक सावकाराचं. त्यावर समिती काय म्हणाली, तर सहकार फसलाय, पण तो यशस्वी व्हायलाच हवा. स्टेट बँक १९५५ ला झाली ती याच अहवालामुळे. आणि कर्ज जमिनीच्या तारणावर न देता पिकाच्या गरजेवर द्या, हेही त्यातच. माझ्या वडिलांना पहिलं पीककर्ज मिळालं तेव्हा सातबारा सावकाराकडे अडकलेला होता. पुढचं लिहवत नाही. ठाणं आलं.

बोरिवली_फास्ट
अप्पा 🙏

नियोजन_खात्यातली_आजी
मी नोकरीला लागले तेव्हा चौथी पंचवार्षिक योजना चालू होती. मुलीला सांगा, टक्क्यांच्या मागची गोष्ट पाहा. आधी केंद्राची मदत योजनेगणिक मिळायची, कोणत्या राज्याला किती याचं ठरलेलं माप नव्हतं. ज्याचं दिल्लीत वजन, त्याचं काम. धनंजयराव १९६७ ला योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि त्यांनी माप बांधून दिलं. आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. मग ६० टक्के लोकसंख्येवर. १० टक्के फक्त सरासरीपेक्षा गरीब राज्यांना. उरलेल्यात १० करवसुलीच्या प्रयत्नाला, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे-वीज प्रकल्पांना, १० खास अडचणींना. त्या गरीब राज्यांच्या हिश्श्यात महाराष्ट्र बसत नव्हता, आणि सूत्र करणारा माणूस महाराष्ट्राचा! आमचे साहेब हे प्रत्येक नव्या कारकुनाला सांगत.

दादर_अभ्यासिका
आजी, आमच्या नोट्समध्ये यातलं एवढंच आहे की ‘१९६९, चौथी योजना’. स्क्रीनशॉट काढला. आज मित्रांना दाखवतो.

कोपरखळी_नको
मला थोडं वेगळं बोलायचंय. माझं सासर सोलापूरकडचं. उसाने पाणी खाल्लं, कारखाने घराण्यांचे झाले, दिराचं उसाचं बिल दोन हंगाम थकलंय. गाडगिळांचा आदर आहेच, पण सहकाराचं कौतुक वाचलं की पोटात तुटतं.

प्रवराकाठची
ताई, तुमचं खरं आहे. आमच्याकडेही आता सगळं आजीच्या वेळचं राहिलेलं नाही. पण त्या पैशातून शाळा निघाल्या, मी त्यातच शिकले. दोन्ही खरं.

कोपरखळी_नको
हो गं. बिल मिळालं की सांगेन.

फोर्टातला_जुना
धनंजयराव मूळचे नाशिक-नागपूरचे, मग केंब्रिज. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध १९२४ ला पुस्तक होऊन आला तेव्हा वय तेवीस. १९३० ला पुण्यात अर्थशास्त्राची गोखले संस्था सुरू झाली आणि १९६६ पर्यंत तेच संचालक. पुण्याच्या घराघरांत जाऊन पाहणी केली, किती कमावता, किती भाडं, मुलं शाळेत जातात का. मुंबईकरांनी विसरू नये असं एक: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची आर्थिक बाजू मांडणाऱ्यांत ते होते. मोर्चातली माणसं आठवतात, आकडे जुळवणारी आठवत नाहीत.

वसईची_वेल
पश्चिम घाट अहवालवाले माधव गाडगीळ त्यांचेच चिरंजीव ना?

फोर्टातला_जुना
तेच.

वसईची_वेल
अहाहा. बापलेक दोघांनीही सरकारला आकड्यांनिशी सांगितलं. आमच्या कोकणात २०११ चा तो अहवाल वाचला कमी आणि भांडले जास्त.

सिडनहॅमवाला
विषयांतर करतो. बाबासाहेब १९१८ ते १९२० आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा, म्हणजे गाडगीळांच्या पुस्तकाच्या आदल्या वर्षीचा. दोन मराठी माणसं, दोघंही तरुण, दोघंही विलायतेत बसून इथल्या पैशाचा विचार करतायत. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

बोरिवली_फास्ट
तुम्हीच काढा, आम्ही येतो.

दादर_अभ्यासिका
गाडगीळांची पुस्तकं कुठे मिळतील? माटुंग्याला फुटपाथवर विचारलं, त्यांनी गाईडं काढून दिली.

फोर्टातला_जुना
गोखले संस्थेच्या डिजिटल ग्रंथालयात बरंच जुनं स्कॅन करून ठेवलंय. ‘प्लॅनिंग अँड इकॉनॉमिक पॉलिसी इन इंडिया’ पासून सुरुवात कर. १९६१ चं आहे, लेख सुटे सुटे आहेत, परीक्षेच्या धावपळीतही वाचून होतील.

बोरिवली_फास्ट
प्रवराकाठच्या ताई, राहात्याचे पेरू दादरला मिळतात का हो हल्ली?

प्रवराकाठची
पुलाखाली मिळतात, पण राहात्याचे म्हणून कुठलेही देतात. थंडीत भाऊ पेटी पाठवतो, पत्ता खासगीत टाका.

गिरगावची_लेक
सगळ्यांचं मुलीला वाचून दाखवलं. तिने नियोजन खात्यातल्या आजींना विचारलंय, करवसुलीचा प्रयत्न मोजायचे कसा? आजी, वेळ मिळेल तेव्हा सांगाल?

नियोजन_खात्यातली_आजी
दरडोई कर आणि दरडोई उत्पन्न यांचं प्रमाण बघायचे. म्हणजे गरीब राज्याने ऐपतीच्या मानाने जास्त वसूल केलं तर त्यालाही हिस्सा मिळे. तिला म्हणावं, रविवारी फोन कर, उदाहरण घेऊन सांगते.