लाक ब्लांच्या चढाची तयारी मुंबईत कशी करावी?

मुलुंडची धावक

नमस्कार. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बहिणीकडे जिनिव्हाला जातेय. तिथून बसने फ्रान्समधलं शामोनी फार लांब नाही. एक सकाळ माझी एकटीची आहे आणि ती मला तिथल्या डोंगरातल्या लाक ब्लां या तळ्याला द्यायची आहे. त्रे-ल-शांपासून (1417 मीटर) वर, शेझेरीच्या छोट्या तळ्यांवरून लाक ब्लां (2352 मीटर), मग फ्लेजेरवरून खाली ले प्रा गावात. अंतर थोडंच, पण चढ 935 मीटरचा. समोर मों ब्लांची अख्खी रांग आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब, एवढ्यासाठी जीव टाकलाय.

वय 46, हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते. रविवारी नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत धावते. पण मुंबईत सलग चढ मिळणार कुठे? पेडर रोडचा चढ श्वास लागेपर्यंत संपतो. आमची इमारत 22 मजल्यांची आहे, जिना वापरता येतो. मला वाट धावत करायची आहे, नुसता ट्रेक नको. आणि वाटेतल्या लोखंडी शिड्यांची धास्ती वाटते.

कांदिवली_पूर्व

कळसूबाई करा. बारी गावातून 800-900 मीटर चढ आहे आणि शिड्याही आहेत, दोन्ही प्रश्न सुटतात. पावसाळ्यात शनिवार-रविवार मात्र नको, शिड्यांवर रांग लागते. मधल्या वारी जा.

अंबरनाथचा डोंगरवाला

ताई, वाट सुंदर निवडली आहे. गेल्या जुलैत मी हीच केली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही चढाचा आकडा दिलात, उताराचा दिला नाहीत. ले प्रा 1060 मीटरवर आहे. म्हणजे 935 चढायचं आणि जवळपास 1300 उतरायचं. सपाटीवर धावणाऱ्या आपल्यासारख्यांचे पाय उतारावर जातात. चढावर दम लागतो, दोन मिनिटं थांबलं की परत येतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच अंगाचं वजन रोखून धरतो, प्रत्येक पावलाला. त्यात तंतू दुखावतात आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरणं नकोसं होतं. पण एकदा असा भार सोसून सावरलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच भार बराच सहज सोसतो. तयारी हीच करायची आहे, आणि ती मुंबईत नक्की होते.

मजला तीन मीटरचा धरला तर तुमच्या जिन्याच्या 14 फेऱ्यांत जवळपास 935 मीटर भरतात. सुरुवात चार-पाच फेऱ्यांनी करा. फक्त खाली येताना लिफ्ट घेऊ नका, कृपा करून. बहुतेक जण गुडघ्यांच्या काळजीने लिफ्ट घेतात आणि नेमका हवा तोच सराव राहून जातो.

डोंगरासाठी माझी आवडती वाट सांगतो. कर्जत लोकलने भिवपुरी रोड, पाली भूतिवली धरणाच्या कडेने सागाची वाडी, मग गार्बेटचा खडा चढ, माथेरान, आणि उतरून नेरळ. धरणाचं पाणी एका बाजूला ठेवून सरळ डोंगराला भिडायचं, त्यामुळे लाक ब्लांची तयारी करताना मन रमतं. माथेरानच्या वेशीवर दस्तुरीला टॅक्सी दिसेल, तिच्याकडे बघू नका, नेरळपर्यंत पायीच उतरा. निघायच्या दहा-बारा दिवस आधी मोठे उतार बंद.

धावण्याबद्दल. 5 किलोमीटरच्या आत 1000 मीटर चढवणाऱ्या व्हर्टिकल किलोमीटर शर्यती असतात. शामोनीहून प्लांप्राझची अशीच एक आहे, 3.8 किलोमीटरची. त्यातही कसलेली मंडळी बराचसा चढ मांड्यांवर हात दाबत किंवा काठ्या टेकत चालतात. इतक्या खड्या चढावर सावकाश धावण्यापेक्षा चालायला कमी शक्ती लागते. त्यामुळे चालणं कमीपणाचं मानू नका. घड्याळात किलोमीटरचा वेग बघायचा नाही, तासाला किती मीटर उंची मिळवली ते बघायचं. 500 जमले तर दोन तासांच्या आत तळ्यावर पोचाल. मग उतारावर मनसोक्त धावा.

डोंबिवली_प

शिड्या आर्जांतियेरच्या सुळक्यापाशी आहेत, खडकात पक्क्या ठोकलेल्या. तुम्ही त्या चढणार आहात, हे चांगलं; उतरताना जास्त भीती वाटते. काठ्या घडी करून पाठीला बांधा, दोन्ही हात मोकळे हवेत. अगदीच नको असतील तर कोल दे मोंते खिंडीकडून वर येणारी वाट घ्या, ती या शिड्या टाळून तेत ओ व्हां या जागी तुमच्या वाटेला मिळते. शेझेरी ते लाक ब्लां मध्ये एक छोटी शिडी आणि लाकडी पायऱ्या लागतातच, पण तिथे अडचण येत नाही.

मुलुंडची धावक

उताराचा विचार मी खरंच केला नव्हता, मनापासून आभार. उंचीचा त्रास होईल का? आणि एकटी जाणं ठीक आहे ना?

अंबरनाथचा डोंगरवाला

2352 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीनचतुर्थांश असतो. श्वास आखूड होईल, पण उंचीचा आजार बहुधा 2500 च्या वर सुरू होतो आणि तुम्ही तासाभरात खाली याल.

वाटेवर माणसं असतात, एकटं वाटत नाही. पहाटे निघा, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर वादळं उठतात आणि विजेच्या वेळी लोखंडी शिडीवर असायचं नाही. वारा नसतो तेव्हाच पाण्यात डोंगर स्वच्छ दिसतो, त्यासाठीही सकाळच बरी. वरच्या टप्प्यात जुलैतही बर्फाचे पट्टे राहू शकतात. आदल्या दिवशी शामोनीतल्या 'ऑफिस द ओत मोंताञ' या माहिती कार्यालयात वाटेची स्थिती विचारा, ते त्यासाठीच बसलेले असतात. 112 हा आणीबाणीचा नंबर. पातळ जॅकेट घ्याच. आणि फ्लेजेरला (1877 मीटर) मांड्या थरथरत असतील तर तिथून केबल कारने ले प्रा गाठा, शेवटच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा.

मुलुंडची धावक

ठरलं. जिना उद्यापासून, आणि या शनिवारी भिवपुरी. ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल धरणार आहे. गार्बेटची वाट माहीत असलेलं कोणी सोबत येणार असेल तर इथेच सांगा, नेरळपर्यंत पायी उतरायच्या अटीवर.